हिरव्या वेष्टनातले सेल

काही तपास निवृत्तीनंतर फायलीबरोबर बंद होतात, हा झाला नाही. आजही कुणाच्या हातात ई-सिगरेट दिसली की माझी नजर आधी तिच्या बुडाशी जाते, आत सेल कुठला घातला असेल म्हणून. घरचे हसतात. पण त्या वर्षी लंडनजवळच्या स्लाऊमध्ये जे घडलं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

मी तेव्हा स्लाऊच्या ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होते. या शतकाचं पहिलं दशक संपत आलं होतं. ई-सिगरेट नुकती येत होती आणि ती म्हणजे नेमकं काय, हे निम्म्या ठाण्याला माहीत नव्हतं. सिगरेट सोडू पाहणारे हौशी लोक टॉर्चच्या धातूच्या नळीपासून ती बनवायचे. तिच्यात अंगठ्याएवढा जाड, लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसला सेल बसायचा. सेल थकला की नवा घ्यायचा. तो कुठून आणि कसा घ्यायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. बाजारात मिळाला तो घेतला, असा सगळा प्रकार.

रोज सकाळी खुर्चीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं मी यादी करायची: आज कुणाला फोन, कुठला जबाब बाकी, कुठला मुद्देमाल प्रयोगशाळेत. त्या सोमवारच्या यादीत सेल नव्हते. समोरच्या काउंटरवरच्या कॉन्स्टेबलचा फोन आला.

"सार्ज, एक आजोबा बुटांचं खोकं घेऊन आलेत. बॅटऱ्यांची तक्रार आहे. मी त्यांना दुकानात परत द्या म्हटलं, तर म्हणतात, दुकानात परत द्यायला मी वेडा आहे का, हा पुरावा आहे."

आजोबा निवृत्त इलेक्ट्रिशियन होते. चाळीस वर्षं सिगरेट ओढून डॉक्टरच्या धाकानं सोडलेली. खोक्यात हिरव्या प्लॅस्टिक वेष्टनातले दोन सेल होते. एकाचं वेष्टन त्यांनी ब्लेडनं सोलून काढलं होतं.

"हे मार्केटमधल्या स्टॉलवर घेतले. नवे म्हणून," ते म्हणाले. "आता बुडाकडे बघा. दोन बारीक खड्डे दिसतात?"

भिंग लावल्यावर दिसले. सुईनं टोचावेत तसे.

"पट्टी डागल्याच्या खुणा. लॅपटॉपच्या बॅटरीत सेल एकमेकांना पट्टीनं डागलेले असतात. नव्या सुट्या सेलला असे खड्डे असायचं कारणच नाही. कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडतोय, आतले सेल काढतोय, पट्टी घासतोय आणि वर नवा कोट चढवतोय."

"पण सेल चालतो ना?" कॉन्स्टेबलनं विचारलं.

"चालतो, बाळा. तुझ्या पँटच्या खिशात जाऊन फुटेपर्यंत चालतो." आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पेन शोधायला लागला. "लॅपटॉपमध्ये सहा जण मिळून ओझं उचलतात आणि वर पहारा ठेवणारं सर्किट असतं. इथे एकट्या म्हाताऱ्याला, पहाऱ्याशिवाय, सगळं ओझं घेऊन पळायला लावताय. आणि वेष्टनावर छापलेला आकडा बघा. एवढ्या क्षमतेचा सेल जगात कुणी बनवत नाही. जितका मोठा आकडा, तितकं मोठं खोटं."

मी सेल ताब्यात घेतले, पावती दिली. खरं सांगायचं तर यादीत ते काम मी सगळ्यांत खाली लिहिलं.

गुरुवारी ते सगळ्यांत वर गेलं. एका बसचालकाच्या खिशात तसाच सेल फुटला. बस डेपोत उभी होती आणि तो खाली उतरला होता, म्हणून प्रवासी वाचले. त्याच्या मांडीला मात्र तळहाताएवढी खोल जखम झाली. हॉस्पिटलमधून आणलेल्या पँटच्या खिशात हिरव्या प्लॅस्टिकचा वितळलेला गोळा होता.

आम्ही कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सच्या, म्हणजे ग्राहकसंरक्षण खात्याच्या, माणसाला बरोबर घेतलं आणि स्टॉलवर गेलो. चाळीस हिरवे सेल जप्त झाले. स्टॉलवाला म्हणाला, शंभर घेतले होते. म्हणजे साठ विकले गेले. त्यांतले आजोबांचे दोन आणि बसचालकाचा एक वजा केले की सत्तावन्न उरले. मी वहीच्या नव्या पानावर मोठ्या अक्षरांत सत्तावन्न लिहिलं. सत्तावन्न अनोळखी खिसे. त्यातला पुढचा कुठला, हे कुणालाच माहीत नव्हतं.

स्टॉलवाल्याची चौकशी मी घेतली. टेप लावली, सूचना वाचली: तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही, पण आता न सांगितलेली गोष्ट पुढे कोर्टात सांगितलीत तर बचावाला तोटा होऊ शकतो. तो पंजाबी, जन्म स्लाऊचाच, आणि न बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"मॅडमजी, मी मोबाईलची कव्हरं विकतो, ई-सिगरेटमध्ये भरायचं वासाचं द्रव विकतो. सेल हिरवे होते, चकचकीत होते, मी घेतले. आत डोकावून बघायला मी काय डॉक्टर आहे?"

"कुणाकडून घेतले?"

"गाडीतून येतो एक माणूस. नाव नाही सांगत, रोख घेतो, जातो."

"दिसायला?"

"तुमच्या-माझ्यासारखा. चष्मा. पण फोनवर बोलतो ना, ती हिंदी नाही, गुजराती पण नाही. ती दुसरी, जिच्यात सारखं 'आहे, आहे' करतात."

टेप चालू होती, त्यामुळे मी चेहरा सरळ ठेवला. "कोणती भाषा ते मी नोंदवते," एवढंच म्हणाले.

इंग्लंडात मराठी माणसं काही थोडीथोडकी नाहीत. स्लाऊ-रीडिंग पट्ट्यात सॉफ्टवेअरवाल्यांची कुटुंबंच शेकड्यांनी असतील. तेवढ्यावरून कुणाचं दार वाजवणार?

आठवड्यानं प्रयोगशाळेचा अहवाल आला. जुना सेल, झेपेना इतका ताण, हे मुख्य कारण. पण खाली एक ओळ होती: वेष्टनाखाली वरच्या टोकाच्या कडेला मिठाचे कण, आम्लाचा अंश आणि तपकिरी वनस्पतिजन्य तंतू. त्यामुळे कडेचा पत्रा गंजून पातळ झालेला. जप्त केलेल्या सगळ्या सेलवर हेच.

आमचे इन्स्पेक्टर अहवाल वाचून म्हणाले, "बॅटरीची करी केली का कुणी?"

"सर, करी करणारा मीठ बेतानं घालतो," मी म्हटलं. पण फोटो पाहताना माझं हसू थांबलं. ते तपकिरी तंतू मी ओळखत होते. लीड्सच्या आमच्या घरात दर शनिवारी देवाची भांडी घासायचं काम माझ्याकडे होतं. चिंच आणि मीठ. कितीही धुतलं तरी निरांजनाच्या खाचेत नेमके असेच तंतू अडकून राहायचे आणि आई ते काडीनं काढायला लावायची.

कुणीतरी हे सेल चिंचेनं घासले होते. चोर असं करत नाही. चोराला लवकर हात मोकळे करायचे असतात. जिला वस्तू लखलखीत करून देण्यात आनंद आहे, अशा कुणाचं तरी हे काम होतं.

मग मला मुद्देमालाच्या यादीतली एक नोंद आठवली. स्टॉलवरचे सेल ज्या खोक्यात होते, त्यात थरांच्या मधे कागद घातले होते. कॉन्स्टेबलनं लिहिलं होतं: 'परदेशी वर्तमानपत्र, चार तुकडे'. त्याच्याखाली सही माझी. पिशवी उघडून न बघता केलेली. याद्या करणाऱ्या माणसाची हीच खोड असते. वस्तू यादीत चढली की ती पाहिली असंच त्याला वाटतं. ते वर्तमानपत्र नव्हतं. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेची, उलटून गेलेल्या महिन्यांची फाडलेली पानं होती. तिथी, एकादशी, मागच्या बाजूला पदार्थांच्या कृती. आणि तारखांच्या चौकोनांत सुबक, गोल अक्षरांत पेन्सिलीनं लिहिलेलं: 'निळी बिन', 'काळी बिन', 'सूनबाई तपासणी'. बिन म्हणजे कौन्सिलची गाडी रिकामा करते तो घराबाहेरचा कचऱ्याचा डबा. एका गुरुवारी: 'बिन नेलीच नाही. शेजारी फोन करणार.'

मी खुर्चीतून उठले तेव्हा इन्स्पेक्टरना वाटलं, काहीतरी चावलं.

"सर, मला कौन्सिलच्या कचरा विभागाशी बोलायचंय."

"आता हे काय नवीन?"

"त्या गुरुवारी कुठल्या रस्त्यावरची बिन राहिली होती आणि कुणी तक्रार केली, ते त्यांच्याकडे लिहिलेलं असणार."

होतं. त्या गुरुवारी गाडी बिघडली होती आणि दोनच रस्ते राहिले होते. तक्रार एकाच घरातून. शेजारचं एक घर मराठी आडनावाचं.

मी एका उंच, गोऱ्या कॉन्स्टेबलला घेऊन गेले. दार उघडलं ते साठीच्या पुढच्या, नऊवारी नव्हे तर साधी सहावारी नेसून वर स्वेटर घातलेल्या बाईंनी. मी ओळखपत्र दाखवून मराठीत बोलले, तशा त्या दारातच हसल्या.

"अगं बाई, तू पोलीस? आणि मराठी? कुणाची ग तू?"

"लीड्सची, मावशी. आत आलो तर चालेल?"

"ये की. बूट तेवढे काढा. यालाही सांग."

कॉन्स्टेबलनं बूट काढले. मोज्याला भोक होतं. मावशींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, पण जाताना त्याला लेकाचे नवे मोजे द्यायला निघाल्या होत्या.

त्या साताऱ्याहून आल्या होत्या. मुलगा रीडिंगला सॉफ्टवेअरमध्ये, सूनबाईंना सातवा महिना, आणि मावशी बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हेअर ड्रायर होता, शेजारी हिरव्या नळीचं भेंडोळं, आणि वाडग्यात भिजवलेली चिंच. मी कशालाही हात लावला नाही.

"मावशी, हे काय काम?"

"टॉर्चचे सेल. गावाकडच्या शाळांना टॉर्च पाठवायचेत ना! तो आणून देतो, मी कोट चढवते. वर ही गरम हवेची फुंकणी फिरवली की कसा घट्ट बसतो बघ." मग जरा अभिमानानं: "तो नुसते पुसून दे म्हणाला होता. पण इतके कळकट! मी म्हटलं, मुलांच्या हातात जायचेत, देवाच्या भांड्यांसारखे लख्ख करून देते."

"तो म्हणजे?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सूनबाईंनी वरच्या मजल्यावरून नवऱ्याला कळवलं होतं. मुलगा इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. "आई, एक शब्द बोलू नकोस. तू व्हिजिटर व्हिसावर आहेस. काम केलं म्हणतील आणि परत पाठवतील. पुन्हा येऊ देणार नाहीत तुला. त्यांना फोन दे."

मी फोन घेतला.

"मॅडम, प्लीज. डिलिव्हरीला दोन महिने आहेत. माझ्या बायकोचं इथे कुणी नाही."

"तुम्ही सॉलिसिटर बोलवा, मी थांबते," मी म्हटलं. "त्या साक्षीदार आहेत असं मला आत्ता वाटतं. पण व्हिसाचं काही होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. तो अधिकार माझा नाही आणि खोटं मी सांगणार नाही."

फोन बंद झाला. मावशी खुर्चीत बसून राहिल्या. मघाची ती हसरी बाई कुठे गेली कळेना.

"कुणाला लागलंय का?" त्यांनी विचारलं.

"एका बसचालकाला. मांडी भाजली. बरा होईल."

"लेकरं आहेत त्याला?"

"दोन."

"असे अजून किती बाहेर आहेत?"

"स्लाऊमध्ये सत्तावन्न. आणखी कुठे दिले असतील तर ते मला माहीत नाही. तेच विचारायला आलेय."

त्या उठल्या, भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यावरून काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात तांबड्या पेन्सिलीनं आकडा होता. त्या दिवशी किती सेल झाले, त्याचा. महिन्याच्या शेवटी बेरीज. एकूण दोनशे वीस.

"शंभर त्यानं पहिल्यांदा नेले," त्या म्हणाल्या. "पन्नास लीड्सच्या मित्राला पाठवायचेत म्हणून परवा नेले. सत्तर काल. अजून त्याच्या गॅरेजमध्येच असतील. मला मावशी म्हणतो ग तो. गणपतीत आरतीला शेजारी उभा होता." आणि मग त्यांनी त्याचं नाव सांगितलं.

तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ माणसांना नाव सांगताना पाहिलं आहे. कुणी रागानं सांगतं, कुणी सुटायला, कुणी बक्षिसाच्या आशेनं. समोर स्वतःचं नुकसान स्वच्छ दिसत असताना, दुसऱ्याच्या लेकराबाळांसाठी सांगणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मी तिथूनच लीड्सच्या ठाण्याला फोन लावला. ते पन्नास सेल दुसऱ्या दिवशी सकाळी एका दुकानात पाकीट न फोडलेल्या स्थितीत सापडले. गॅरेजमध्ये सत्तर सापडले, शिवाय फोडलेल्या लॅपटॉप बॅटऱ्यांचे तीन ड्रम. तो माणूस कचेऱ्यांमधले जुने संगणक नष्ट करण्याचं कंत्राट घ्यायचा. नष्ट केल्याचं प्रमाणपत्र द्यायचा आणि बॅटऱ्या ठेवून घ्यायचा.

चौकशीत त्यानं वकिलाच्या सांगण्यावरून प्रत्येक प्रश्नाला "काही बोलायचं नाही" असं उत्तर दिलं. मी आवाज चढवला नाही. दिनदर्शिकेच्या पानांच्या प्रती एकेक करून समोर ठेवत गेले. शंभर, पन्नास, सत्तर. शेवटचं पान ठेवलं तेव्हा तो मराठीत पुटपुटला, "मावशी हे सगळं लिहीत होत्या?"

"टेपसाठी इंग्लिशमध्ये सांगा," मी म्हटलं.

वकिलानं बोलायला वेळ मागितला. परत आले तेव्हा त्यानं कबुली दिली.

राहिले सत्तावन्न. इथे मला दोन माणसांचा फार उपयोग झाला. आजोबांनी हौशी लोकांच्या इंटरनेटवरच्या गप्पांच्या जागेवर हिरव्या सेलचे फोटो टाकले, बुडाचे खड्डे बाणांनी दाखवून. आणि स्टॉलवाला, ज्याच्यावर मी पहिल्यांदा संशय घेतला, तो तीन शनिवार स्टॉलवर पाटी लावून उभा राहिला. त्याला गिऱ्हाइकांची नावं माहीत नव्हती, पण कोण कुठल्या वासाचं द्रव नेतं ते पाठ होतं. "मॅडमजी, पुदिनावाला आला, दोन दिले त्यानं. स्ट्रॉबेरीवाली अजून यायचीये." मी वहीत आकडा खोडून नवा लिहायची. सत्तावन्न, बेचाळीस, एकोणीस, सहा. तिसऱ्या शनिवारी स्ट्रॉबेरीवाली आली. शेवटचे दोन एका माणसानं आधीच कौन्सिलच्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकले होते, ते कर्मचाऱ्यांनी शोधून दिले. शून्य लिहिलं तेव्हा इन्स्पेक्टरनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं ते वाचून दाखवलं. दुसरा कुणीही भाजला नाही. माझ्या नोकरीतल्या पदकापेक्षा मला त्या शून्याचं कौतुक जास्त आहे.

या प्रकरणानंतर लोक मला विचारत, सेल घ्यायचा तर कसा घ्यावा. आजोबांकडून शिकलेलं मी सांगत असे. बनवणाऱ्याचं नाव माहीत असलेला आणि ठरावीक दुकानातून पावतीसह घेतलेला सेलच वापरा. नुसता साठ्याचा आकडा बघू नका, एका वेळी किती प्रवाह सोसेल ते विचारा, आणि आपल्या यंत्राला तो पुरतो का ते बघा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर दुकान बदला. वेष्टन फाटलं की सेल बाद. दोन लागत असतील तर दोन्ही एकदम घ्यावेत, एकदम बदलावेत. नवा-जुना अशी जोडी लावू नये. खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटा सेल कधीही नको, प्लॅस्टिकची डबी घ्या. आणि त्याला पुसायचं तर कोरड्या फडक्यानं. बस.

पण मला या तपासानं शिकवलं ते वेगळं. मावशींचा जबाब त्यांनी स्वतःच्या हातानं, मराठीत लिहिला. साक्षीदाराला आपल्या भाषेत लिहायचा हक्क असतो. मुलानं आणलेल्या सॉलिसिटरनं तो मुलाकडून समजून घेतला आणि म्हणाला, ठीक आहे, सही करा. चिंच-मिठानं पत्रा गंजला होता, हे मावशींना एव्हाना कळलं होतं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि त्या थांबल्या.

"यात चिंचेचं लिहायचं राहिलंच की."

मुलगा म्हणाला, "आई, त्याची गरज नाही. उगाच आपल्यावर येईल."

मलाही, खरं सांगते, क्षणभर तसंच वाटलं. बचावाचा वकील हेच धरून बसेल: सेल आमच्या माणसामुळे नाही, बाईंच्या चिंचेमुळे फुटला. पण साक्षीदाराला काय लिही आणि काय नको, हे सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं. मावशींनी खाली आणखी दोन ओळी लिहिल्या आणि मग सही केली.

त्या दोन ओळींनी खटला मोडला नाही, उलट पक्का केला. तज्ज्ञांनी सांगितलं की गंजानं भर घातली, पण मरायला टेकलेला सेल नवा म्हणून विकला हा मूळ गुन्हा. आणि जिनं आपली चूक आपणहून मांडली, तिच्या बाकीच्या शब्दांवर शंका घ्यायला बचावाला जागाच उरली नाही. आरोपीनं कोर्टात पहिल्याच दिवशी गुन्हा मान्य केला आणि मावशींना साक्षीला उभं राहावं लागलं नाही. मी फाईलला घडलं तेवढंच सांगणारं पत्र जोडलं: मोबदला घेतला नाही, विचारताच सगळं सांगितलं. इमिग्रेशनकडून कुणी आलं नाही. नात झाली तेव्हा मावशी हॉस्पिटलमध्येच होत्या.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी नव्या डिटेक्टिव्हना जबाब कसा घ्यावा ते शिकवत असे. नावं झाकून मावशींच्या जबाबाचा अनुवाद मी त्यांना वाचायला द्यायची आणि शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवायची. "सेल चिंच-मिठानं घासायची कल्पना माझी. त्यानं मला तसं सांगितलं नव्हतं." आपला घात करणाऱ्या माणसाच्या बाजूचं, आपल्या विरुद्ध जाणारं, कुणी न विचारलेलं सत्य. हजारो जबाब माझ्या हाताखालून गेले. असं वाक्य असलेला हा एकच.